टिंबाच्या फाइलवाले सर

आमच्या सरांइतका हट्टी माणूस मी पाहिला नाही, आणि मी मोर्शीची आहे, आमच्याकडे हट्टी माणसांचा दुष्काळ कधीच नव्हता. सर म्हणजे शाळेतले नव्हेत. अमरावतीला आमचं एक लहानसं ऑफिस होतं. डाळमिलवाले आणि कापसाचे जिनिंगवाले यांना वजनकाट्याचे प्रोग्राम करून द्यायचे. ट्रक काट्यावर चढला की वजन मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये, आणि पावती हातात, एवढंच काम. त्या ऑफिसात सर सगळ्यांत जुने. रोज अकोल्याच्या जुन्या शहरातून निघायचे, रेल्वेने बडनेऱ्यापर्यंत, तिथून ऑटोने अमरावती. खुर्चीत बसले म्हणजे काम सुरू झालं असं मात्र नाही. आधी आपली फाइल उघडायचे आणि लोक पेपर वाचतात तशी वरपासून खालपर्यंत वाचायचे. काल त्यांनीच लिहिलेली, त्यांनीच वाचलेली.

ती फाइल काय होती ते सांगते, नाहीतर सर कळायचेच नाहीत. माउसने टिचक्या मारत काम करतात ते तुम्ही-आम्ही. सरांची तऱ्हा वेगळी. त्यांची स्क्रीन काळी, तिच्यावर अक्षरं टाइप करून मशीनला हुकूम सोडायचा. ही काळी स्क्रीन उघडली की मशीन आधी एक फाइल वाचतं. तिचं नाव टिंबाने सुरू होतं, त्यामुळे ती एरवी यादीत दिसतसुद्धा नाही. मशीनच्या मालकाला काय आवडतं, कोणत्या लांबलचक हुकुमासाठी कोणता छोटा शब्द ठरलाय, कुठे कोणता रंग, हे सगळं तिच्यात. बाकीचे लोक तिच्यात चार ओळी टाकतात आणि विसरून जातात. सरांनी तिथे संसार मांडला होता. एकीच्या अनेक केल्या होत्या. शब्दांची वेगळी, रंगांची वेगळी, एकेका मिलची वेगळी, आणि प्रत्येक ओळीच्या वर तिचं कारण. ही ओळ कशासाठी, कोणाच्या सांगण्यावरून, हे इंग्रजी अक्षरांत पण आपल्या भाषेत लिहिलेलं. देवनागरीत लिहायची त्यांची फार इच्छा होती. पण त्या काळ्या स्क्रीनवर वेलांटी पळून भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. त्यांनी कितीतरी दिवस तिच्याशी झटापट केली आणि शेवटी नाद सोडला.

माझी आणि सरांची पहिली भेट भांडणानेच झाली. मी पुण्याला वर्षभर कोर्स करून आले होते. तिथल्या मुली मी तोंड उघडलं की हसायच्या, म्हणून मी ‘मले-तुले’ घासून घासून ‘मला-तुला’ करून आणलं होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी माझं मशीन आलं नव्हतं. सरही अजून आले नव्हते, तर मालकांनी मला त्यांच्या मशीनवर बसवलं. एक हुकूम टाइप करताना माझं अक्षर चुकलं. एरवी मशीन इंग्रजीत सांगतं की असा हुकूम सापडला नाही. हे मशीन आमच्या वऱ्हाडीत म्हणालं, ‘कावून बाप्पा?’ म्हणजे, का रे बाबा? मी पुन्हा चुकले, तर म्हणे, ‘पुन्हा तेच?’ तिसऱ्यांदा म्हणालं, ‘जा, चहा पिऊन या.’ मला वाटलं मागच्या टेबलावरून कोणीतरी माझी मस्करी करतंय. डोकं फिरलं माझं. मी उठून सगळ्यांना झाडायला सुरुवात केली, तेवढ्यात दारातून खांद्याला शबनम पिशवी लावलेला एक उंच माणूस आला, स्क्रीन पाहिली, आणि अगदी शांतपणे म्हणाला, ‘तुमाले नाई म्हनत ते. मलेच म्हनते. मी रोज खातो त्याच्या शिव्या.’ मी ओशाळले वगैरे नाही. उलट त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं की ऑफिसात एक येडा आहे.

तो ‘येडा’ शब्द मला पुढे हळूहळू मागे घ्यावा लागला, पण पूर्ण कधीच घेता आला नाही. कारण माणूस होताच तसा. जगात जे जसं मिळेल तसं वापरायचं, हे त्यांना मान्यच नव्हतं. आम्ही मिलांवर कामाला गेलो की दुपारी हॉटेलात जेवायचो, तर सर शबनममधून जवसाच्या चटणीची डबी काढायचे आणि हॉटेलच्या भाजीत ती कालवून मगच पहिला घास घ्यायचे. त्यांच्या घरी एकदा गेले होते. स्विचबोर्डावर प्रत्येक बटणाखाली रंगाने लिहिलेलं, ‘अंगण’, ‘मोरी’, ‘देवघर’, आणि एकाखाली, ‘कोनाचाच नाई’. ते बटण कशाचं ते घर बांधल्यापासून कोणाला कळलं नव्हतं. काकू हसून म्हणाल्या की ह्यांनी माझ्या मसाल्याच्या डब्यावरसुद्धा चिठ्ठ्या लावल्या होत्या, वर कारणंही लिहिली होती, मी सगळ्या धुऊन टाकल्या. सर तोंड खाली घालून पोहे खात होते. घरात त्यांचा हुकूम फक्त स्विचबोर्डापुरता चालत असावा.

दिवाळीआधी घरोघरी झाडझूड चालते ना, तेव्हा सर फाइल झाडायचे. तो कार्यक्रम बघण्यासारखा असायचा. आम्हा सगळ्यांना खुर्च्या ओढून बसवायचे आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायचे. मग विचारायचे, ही ओळ कावून? कारण वर लिहिलेलं असायचंच, पण ते कारण अजून खरं आहे का, हा प्रश्न. मूर्तिजापूरची एक जिनिंग बंद पडली, तर तिच्या सगळ्या ओळी त्यांनी काढल्या आणि त्या दिवशी चिवडाही खाल्ला नाही. मला त्या वेळी हसू आवरलं नव्हतं. एका ओळीसाठी तर आमच्या दोघांचा चांगला तासभर वाद झाला. गिऱ्हाइकाच्या चालू मशीनवर गेलं की ओळीच्या सुरुवातीला लाल रंग यायचा, स्वतःच्या मशीनवर हिरवा. मी म्हटलं, लाल डोळ्यांना खुपतो, बदला. ते म्हणाले, खुपावा म्हूनच लावला, लाल दिसलं का हात आखडते, अन् चालू मशीनवर हात आखडलेलाच बरा. मी हरले. पुढे एकदा घाईत एका जिनिंगचं अख्खं फोल्डर पुसायला निघाले होते, तो लाल दिसला आणि थांबले. सरांना हे सांगितलं नाही, नाहीतर पुढच्या दिवाळीत कारणात माझं नाव आलं असतं.

आता त्यांच्या शब्दांबद्दल. लोकांना वाटायचं, हे विक्षिप्त शब्द सरांच्या डोक्यातून निघालेत. तसं नव्हतं. अकोल्याच्या एका डाळमिलमध्ये काट्यावर बेबीताई बसायच्या. आधी त्या पोती मोजायच्या कामाला होत्या. काट्यावरचा कारकून सोडून गेला तेव्हा मिलवाल्याने त्यांना बसवलं. माउस हातात धरला की स्क्रीनवरचा बाण भलतीकडेच पळायचा, आणि इंग्रजी हुकूम तर लांबच राहिले. सर त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि विचारलं, ताई, आजच्या गाड्या बघायच्या असल्या तर तुमी मानसाले काय सांगसान? ताई म्हणाल्या, पाय. म्हणजे बघ. सरांनी लिहिलं, ‘pay’. पावती छापायची असली तर? काढ. लिहिलं, ‘kadh’. इंग्रजी अक्षरं ताईंना दुकानांच्या पाट्या वाचून येत होती, तेवढी पुरली. असं करत करत त्यांनी ताईंच्या तोंडचे सगळे शब्द त्या मशीनला शिकवले. काम इतकं सुरळीत चाललं की सरांनी तेच शब्द दुसऱ्या मिलांवर लावले, मग स्वतःच्या मशीनवरही. मशीन शिकवायला गेलेला माणूस स्वतःच ताईंची भाषा शिकून आला. त्यानंतर वर्षानुवर्षं त्यांच्या बोटांना दुसरे शब्द माहीतच नव्हते.

आणि इथेच घोटाळा झाला.

आमचं ऑफिस पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं. एक साहेब आले. वयाने माझ्याएवढेच, बोलायला गोड, सगळ्यांना ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणणारे. त्यांनी सांगितलं की प्रत्येकाची एक परीक्षा होईल. एक कोरं मशीन, त्यावर तीन-चार बिघाड करून ठेवलेले, ते शोधून दुरुस्त करायचे. पास झाले ते राहतील. मला सरांची काळजी नव्हती. काट्याच्या मशीनमधला बिघाड सर आवाजावरून ओळखायचे. मला माझीच काळजी होती.

मी पास झाले. सर नापास झाले.

झालं असं. सर कोऱ्या मशीनसमोर बसले आणि बोटांनी आपोआप टाइप केलं, ‘pay’. मशीनने इंग्रजीत सांगितलं, असा हुकूम सापडला नाही. सरांनी चष्मा पुसला. मग त्यांनी काय करावं? दुसरा कोणी असता तर त्याने आठवून आठवून मूळचे इंग्रजी, म्हणजे कंपनीचे, शब्द वापरले असते. सरांनी नवी फाइल उघडली, तिच्या नावाला टिंब दिलं, आणि लिहायला बसले. पहिल्या ओळीपासून, आठवणीतून, सगळी फाइल. शब्द, रंग, वर कारणं. आमच्या सगळ्यांच्या देखत ते लिहीत होते आणि साहेब मागे उभे राहून बघत होते. एकदा साहेबांनी हळूच सांगितलं की सर, प्रश्न वेगळा आहे. सर म्हणाले, हो हो, झालंच. वेळ संपली तेव्हा फाइल पुरी झाली होती, एकही अक्षर चुकलं नव्हतं, आणि एकाही बिघाडाला हात लागला नव्हता.

मी साहेबांशी भांडले. म्हटलं, नीट बघा, त्या फाइलमध्ये डावीकडे सरांचा शब्द आहे आणि उजवीकडे तुमचाच हुकूम आहे. ज्याला ‘पाय’ म्हणजे काय ते लिहिता येतं, त्याला तुमचं सगळं येतं. उत्तरं सगळी त्याच पानावर आहेत. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मॅडम, उद्या अकोल्याची मिल बंद पडली आणि पुण्याहून एखाद्याला त्या मशीनमध्ये शिरावं लागलं, तर त्याला काय समजणार? माणूस रजेवर जातो, आजारी पडतो. मशीन एका माणसाच्या सवयीवर ठेवता येत नाही. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. राग होता, तो काय कामाचा.

त्या संध्याकाळी मी सरांबरोबर बडनेऱ्यापर्यंत गेले. प्लॅटफॉर्मवर त्यांच्यावरच तोंडसुख घेतलं. म्हटलं, काय गरज होती? चार हुकूम टाकायचे, पास व्हायचं, मग मांडायचा होता तुमचा पसारा. आता घरी बसणार का? सरांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, ‘अवं, मी ठरवून नाई केलं. बसाच्या आधी जागा झाडतो ना मानूस, तसं हात सुरू झाले. वाटलं झाडून होईल पटकन.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘नोकरी गेली तं मी काय करू, मले दुसरं काईच येत नाई.’ एवढ्या वर्षांत सरांच्या तोंडून ‘येत नाई’ मी ऐकलं नव्हतं. गाडी येईपर्यंत मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

साहेबांनी एक बरं केलं, सरांना पुन्हा एकदा बसायची संधी दिली. आणि मग मी जे पाहिलं त्याने मला परीक्षेपेक्षाही जास्त त्रास झाला. दुसऱ्या दिवशी सर आले, खुर्चीत बसले, आणि फाइल न वाचता त्यांनी ती पुसून टाकली. सगळी. आधी वाटलं, कुठे जपून ठेवली असेल. नाही. म्हणाले, मागं खुंटी ठेवली तं मानूस ढोरावानी तिकडंच वळते. मग मी रोज त्यांना शिकवायला बसायची. जे त्यांनी मला शिकवलं होतं तेच, पण कंपनीच्या शब्दांत. बोटं ‘pay’कडे जायची, ते दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवायचे. चुकलं की मशीन इंग्रजीत रुक्षपणे सांगायचं, आणि सर म्हणायचे, याले शिवीबी देता येत नाई नीट. मी हसायची, आणि मग बाहेर जाऊन तोंड धुऊन यायची.

दुसऱ्यांदा सर पास झाले. चांगले पास झाले. साहेबांनी हात मिळवला. मी पेढे आणले होते, सरांनी एक खाल्ला आणि काकूंसाठी दोन रुमालात बांधून घेतले. त्या दिवसापासून ते सकाळी आल्या आल्या कामाला लागायचे. वाचायला काही उरलंच नव्हतं.

तोवर हुकूम आला की सगळ्या मिलांवरच्या मशीनमधले खासगी शब्द काढून टाकायचे आणि कंपनीची एकसारखी मांडणी बसवायची. हे काम सरांना आणि मला दिलं. सरांनी हूं की चूं केलं नाही. सुरुवात अकोल्यापासून करू म्हणाले, घराजवळ आहे.

तुरीचा हंगाम होता. मिलच्या फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागलेली. बेबीताईंनी आम्हाला पाहून खुर्ची पुसली, चहा सांगितला. सर बसले, काळी स्क्रीन उघडली, टिंबाची फाइल समोर आणली. तिच्यात ताईंचे सगळे शब्द एकाखाली एक. मी ताईंना समजावून सांगत होते की आता नवे शब्द येतील, सर शिकवतील, सोपे आहेत. ताई माझ्याकडे नाही, सरांकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘सर, माह्याकडून काई बिघडलं काय?’

सर म्हणाले, नाई वो ताई, तुमच्याकडून काय बिघडते.

तेवढ्यात एक ट्रक काट्यावर चढला. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. ताई म्हणाल्या, एवढी एक गाडी काढू द्या सर, मंग तुमी तुमचं करा. सर उठले. ताई बसल्या. गाडी पाहिली, वजन घेतलं, पावती काढली, ड्रायव्हरला दिली, आणि तोंडाने त्याला दमही दिला की एवढा कायले ओरडतो. मागची गाडी चढली. तीही काढली. सर भिंतीला टेकून बघत उभे होते. तिसरी गाडी गेल्यावर ताई उठायला लागल्या, तर सरांनी त्यांना हातानेच बसा म्हटलं आणि खिशातून फोन काढला.

साहेबांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येत होता. सरांनी सांगितलं की ह्या मशीनवरचं मी काढत नाही. साहेब समजुतीने बोलत होते. तुम्ही स्वतःची फाइल काढलीत, एवढे छान पास झालात, आता हे काय. सर म्हणाले, ‘माही होती, मी पुसली. हे शब्द या ताईचे हायेत. कोनाच्या तोंडातला शब्द मी कसा काढू?’ साहेब म्हणाले, मग दुसरा कोणी येऊन काढेल. सर म्हणाले, त्याले म्हणा आधी या ताईपाशी बसून महिनाभर शिकव, मंग काढ. मग साहेब अगदी अदबीने म्हणाले, ‘मग उद्यापासून तुम्ही येऊ नका, सर.’

सर ‘बरं’ म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. मला म्हणाले, तू नको घेऊ यात डोकं, तुही नोकरी राहू दे. बेबीताईंना फोनवरचं अर्धं समजलं असावं, अर्धं नसावं. त्या चहाचा कप घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

सरांनी तो कप घेतला, स्टूल ओढलं, आणि मागे एकदा बसले होते तसे त्यांच्या शेजारी बसले. म्हणाले, ‘आता मले येळच येळ हाये, ताई. अजून एखादा शब्द पाह्यजे काय?’

ताईंनी विचार केला. म्हणाल्या, बाकी सगळं हाये, पन संध्याकाळी बंद करतानी ते मुकाट्यानं बंद होते. दिवसभर बोलते अन् जातानी काईच म्हनत नाई. तवा काईतरी म्हनू द्या त्याले.

‘काय म्हनावं त्यानं?’

‘आपुन जानाऱ्या मानसाले म्हनतो तेच.’

सरांनी कीबोर्ड जवळ ओढला आणि सावकाश, एकेक इंग्रजी अक्षर टाकत लिहिलं, ‘उद्या येजा, ताई.’